जुने यंत्र, नवी प्रतिकृती आणि मराठी बोटे

१/
भिवंडीच्या कामतघरातील एखाद्या विद्यार्थ्याने मराठी लेखनासाठी कळफलक घ्यायचे ठरवले, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. जुन्या बाजारात पडून असलेला लोखंडी अंगाचा मराठी टाइपरायटर घ्यावा, की त्याच टाइपरायटरचे रूप आणि आवाज घेऊन आलेला नवा ‘रेट्रो’ कळफलक मागवावा? प्रश्न हौसेचा दिसतो. पण त्याच्या पोटात देवनागरी लिपीचा, सरकारी नोकरीचा आणि आपल्या कागदपत्रांच्या भवितव्याचा इतिहास दडलेला आहे. त्याविषयी हा धागा.

२/
आरंभी एक शब्द नीट समजून घेऊ. ‘प्रतिकृती’ दोन प्रकारची असते. पहिली यंत्रणेची: जुन्या वस्तूच्या आतील रचना अभ्यासून ती पुन्हा घडवलेली. दुसरी रूपाची: आत काहीही असो, वरून गोल कळा, पितळी रंग आणि टकटक आवाज. बाजार दोहोंना एकाच नावाने विकतो. निवडीतील निम्मा गोंधळ येथेच सुरू होतो.

३/
इंग्रजी जगात या वादाचे प्रसिद्ध उदाहरण आयबीएमचे आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्याचा कळफलक ‘मॉडेल एफ’ या घराण्यातला, ८३ कळांचा. प्रत्येक कळीखाली एक स्प्रिंग. कळ ठरावीक खोलीपर्यंत दाबली की स्प्रिंग एकाएकी कलते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि त्याच क्षणी अक्षराची नोंद होते. अक्षर उमटले हे डोळ्यांआधी बोटाला कळते. जुन्या कळफलकांची आवड असणारे जिच्यासाठी झुरतात ती जाणीव हीच.

४/
पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यावर ‘मॉडेल एम’ आला. स्प्रिंग तीच, पण खालची रचना अधिक स्वस्त: स्प्रिंगच्या तळाशी असलेली हातोडी आता प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर आदळू लागली. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन येथे तो बनत असे. १९९१ साली हा व्यवसाय ‘लेक्समार्क’ नावाने वेगळा झाला. १९९६ पासून तेथीलच ‘युनिकॉम्प’ ही छोटी कंपनी ते कळफलक बनवत आहे. ‘मॉडेल एफ’ मात्र थांबला होता. गेल्या दशकात हौशी मंडळींच्या मागणीतून त्याचीही यंत्रणेसकट प्रतिकृती तयार होऊ लागली. किंमत काहीशे डॉलर.

५/
मग मूळ घ्यावा की प्रतिकृती? मूळ ‘मॉडेल एफ’च्या आतला फोम काळाने भुसभुशीत होतो. ‘मॉडेल एम’ची प्लास्टिकची रिव्हेटे एकेक करून तुटतात. आजच्या संगणकाला जोडायचे तर मध्ये एक परिवर्तक लागतो. तरीही योग्य हातांत पडलेला मूळ कळफलक आजही नव्यासारखा चालतो. म्हणजे वय हा निर्णायक मुद्दा ठरत नाही. दुरुस्ती करणारा हात आणि सुटा भाग उपलब्ध आहे का, हा मुद्दा ठरतो.

६/
ही कसोटी भिवंडीकरांना परक्या पुस्तकातून शिकावी लागत नाही. गंमत म्हणजे माग आणि कळफलक हे एकाच वंशातले आहेत. जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये छिद्रे पाडलेल्या पत्त्यांनी मागावरची नक्षी ठरवणारी रचना सिद्ध केली. छिद्रित पत्त्यांची ती कल्पना घेऊन हर्मन हॉलेरिथ याने १८९० च्या अमेरिकी जनगणनेची गणती यंत्राने केली. त्याची कंपनी १९११ साली इतर कंपन्यांत मिसळली आणि १९२४ साली त्या संयुक्त कंपनीचे नाव ‘आयबीएम’ झाले.

७/
वऱ्हाळदेवी तलावाच्या काठच्या कामतघरापासून संपूर्ण भिवंडीभर यंत्रमागांचा खडखडाट पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्यांचे विणकाम मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे वळले आणि गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही येथील कारखान्यांत येऊन उभे राहिले. जी यंत्रे मुंबईच्या हिशेबात संपली होती, ती भिवंडीत पुढे कित्येक वर्षे कापड विणत राहिली.

८/
जुना माग विकत घेताना कोणता मागमालक ‘हा अस्सल आहे का’ असे विचारील? तो विचारतो: धोटा कुठला बसतो? गिअर मिळतो का? बिघडला तर जॉबर कोण? वीज किती खातो? आणि दिवसाकाठी किती मीटर कापड उतरते? जुन्या वस्तूविषयी याहून शहाणे प्रश्न संग्राहकांच्या जगातही सापडणार नाहीत. तेथे भावना असतेच. मात्र तिचा हिशेब शेवटी मांडला जातो.

९/
या गावाने तिसरी वाटही पाहिली आहे. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना भिवंडीतून सुरू झाली. तिच्यातील एक भाग असा, की साधा यंत्रमाग मोडीत न काढता त्याला नवे सुटे संच बसवायचे, म्हणजे धागा तुटताच माग आपोआप थांबेल. सांगाडा जुना, सांधा नवा. कळफलकांच्या दुनियेत जुन्या ‘मॉडेल एफ’ला यूएसबी जोडणी बसवणारे लोक नेमके हेच करतात.

१०/
तर मूळ, प्रतिकृती आणि जुन्याला जोडलेला नवा सांधा असे तीन पर्याय झाले. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे तिन्ही मोकळे आहेत, कारण तिन्हींवर अक्षरांची मांडणी तीच असते. मराठीत लिहिणाऱ्याचा प्रश्न येथून वेगळा होतो. मराठी टाइपरायटरमध्ये केवळ लोखंड जुने नव्हते. त्याची मांडणीसुद्धा त्या लोखंडाच्या मर्यादेतून घडली होती. ती कशी, ते पाहू या.

११/
टाइपरायटरची सुरुवातच तडजोडीने झाली. अमेरिकेतील मिलवॉकीच्या क्रिस्टोफर लॅथम शोल्स याने तयार केलेले यंत्र १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने विक्रीस आणले. ही कंपनी बंदुका आणि शिवणयंत्रे बनवणारी. त्यामुळे पहिला टाइपरायटर फुलापानांच्या नक्षीसह शिवणयंत्राच्या मेजावर बसून आला आणि त्याची कॅरेज पायाने दाबून मागे नेता येत असे. ‘क्वर्टी’ या नावाने ओळखली जाणारी मांडणी या यंत्राबरोबर रूढ झाली.

१२/
ती मांडणी आजही प्रत्येक संगणकावर का आहे? अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ च्या एका गाजलेल्या निबंधात मांडले, की एकदा हजारो हात एका मांडणीला सरावले की तिची मूळ कारणे संपली तरी ती सुटत नाही. लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० साली याचा प्रतिवाद केला: क्वर्टी इतकी वाईट असल्याचा पुरावाच कच्चा आहे. वाद संपलेला नाही. पण एवढे दोन्ही बाजूंना मान्य व्हावे, की यंत्र मरते आणि मांडणी उरते.

१३/
आता हेच यंत्र देवनागरीला लावायचे होते. अडचण केवढी होती, हे छापखान्यावरून कळते. जावजी दादाजी यांच्या ‘निर्णयसागर’सारख्या मुंबईच्या छापखान्यांत सुबक देवनागरी छपाईसाठी शेकडो वेगवेगळे खिळे लागत: प्रत्येक जोडाक्षर, प्रत्येक मात्रा, उकार, रफार. टाइपरायटरवर कळा चाळीस-पंचेचाळीस आणि प्रत्येक कळीवर दोन चिन्हे. म्हणजे जेमतेम नव्वद खुणांत संपूर्ण लिपी बसवायची.

१४/
यावर दोन मार्ग होते. पहिला, यंत्रासाठी लिपीच बदलण्याचा. वि. दा. सावरकर आणि काका कालेलकर या दोघांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी आठवावी: इ, उ, ए यांना स्वतंत्र अक्षरे न ठेवता ‘अ’लाच वेलांटी, उकार, मात्रा लावायची. भूमिका वेगवेगळ्या असल्या तरी यंत्राची सोय हा धागा दोन्हींकडे होता. १९४८ साली लघुलेखन आणि टंकलेखन यांच्या प्रमाणीकरणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही कालेलकरांकडेच आले. समाजाने मात्र ही बाराखडी फारशी स्वीकारली नाही.

१५/
दुसरा मार्ग यंत्राने काढला: अक्षर तोडा. देवनागरीतील अनेक अक्षरांच्या उजवीकडे उभा दंड असतो. तो दंड काढला की अर्धे अक्षर उरते. मग कळीवर अर्धे अक्षरच ठेवायचे आणि पूर्ण हवे असेल तेव्हा त्याला काना जोडायचा. हिंदी-मराठीच्या प्रचलित रेमिंग्टन मांडणीत भ, थ, ध, ख, श, ण ही अक्षरे अशीच दोन ठोक्यांत पूर्ण होतात. एका कळीची बचत, कारण तीच कळ जोडाक्षरातही कामी येते. युक्ती खरोखरच चतुर आहे.

१६/
उदाहरण गावाच्या नावाचेच घेऊ. या मांडणीत ‘भिवंडी’ लिहायचे तर ठोके असे पडतात: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग अर्धा ‘भ’, मग काना, मग ‘व’, अनुस्वार, ‘ड’ आणि दीर्घ वेलांटी. एकूण सात. उच्चारात ‘भ’ आधी आणि ‘इ’ नंतर. कागदावर वेलांटी डावीकडे दिसते म्हणून यंत्रावर ती आधी. म्हणजे टंकलेखक भाषा लिहीत नव्हता, अक्षराचे चित्र डावीकडून उजवीकडे रचत होता.

१७/
अनुस्वार, मात्रा, उकार यांच्या कळा ‘मृत’ असत. त्या दाबल्या तरी कॅरेज पुढे सरकत नसे, म्हणून खूण शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसे. रोलर सैल असेल, टाइपबार किंचित वाकलेला असेल, तर अनुस्वार भलतीकडे पडे. जुन्या कचेरीतील टंकलिखित कागद चाळताना जी थरथरती, अंतराअंतरावर तुटलेली मराठी दिसते, तिचे कारण टंकलेखकाचा आळस नसून हा यांत्रिक करार आहे.

१८/
या कराराने काम मात्र प्रचंड केले. १९५५ साली गोदरेजने मुंबईत भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर तयार केला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात कायदेशीर स्थान दिले. कायदा कागदावर उतरण्यासाठी कागदावर मराठी उमटवणारे यंत्र हवे होते. तालुक्याच्या कचेरीपासून मंत्रालयापर्यंत ते पोहोचले. राजभाषेच्या इतिहासात भाषणांइतकाच मान त्या रिबनला द्यावा लागतो.

१९/
आणि त्याबरोबर एक सामाजिक शिडीही उभी राहिली. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचे मिनिटाला ३० शब्द, इंग्रजीचे ४० शब्द ही अट अनेक पिढ्यांना पाठ आहे. दहावी-बारावीनंतर टायपिंग इन्स्टिट्यूटची पायरी चढायची, प्रमाणपत्र मिळवायचे, जाहिरातीची वाट पाहायची. ज्या घरात यंत्रमागाची पाळी चुकत नव्हती, त्या घरातल्या मुलामुलींसाठी टेबलखुर्चीच्या नोकरीकडे जाणारी ही एक खात्रीची वाट होती. म्हणून मांडणीचा प्रश्न हौशी लोकांपुरता राहत नाही.

२०/
गोदरेजने २००९ साली टाइपरायटरचे उत्पादन थांबवले. २०११ साली ही बातमी ‘जगातील शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशा मथळ्याने जगभर फिरली. तो मथळा चुकीचा होता: ब्रदर कंपनीचा ब्रिटनमधील रेक्सम येथील कारखाना २०१२ पर्यंत टाइपरायटर बनवत होता. भारतासाठी मात्र एक पर्व खरोखरच संपले. त्याच दशकात महाराष्ट्रातील शासकीय टंकलेखन परीक्षा टाइपरायटरवरून संगणकावर गेली.

२१/
यंत्र गेले, मांडणी उरली. संगणकावर आलेल्या पहिल्या पिढीतील टंकलेखकांची बोटे रेमिंग्टनला सरावलेली होती. म्हणून कृतिदेवसारखे टंक त्याच मांडणीवर बेतले गेले. हीच मराठी टाइपरायटरची पहिली ‘आधुनिक प्रतिकृती’. तिने लोखंड टाकले, रिबन टाकली, दुरुस्तीची सोय टाकली आणि जपली कोणती गोष्ट? नव्वद खुणांच्या टंचाईतून आलेली तडजोड. संगणकावर ती टंचाई उरलेलीच नव्हती.

२२/
त्याचा फटका मोठा बसला. कृतिदेवमध्ये लिहिलेली ‘भिवंडी’ संगणकाच्या स्मृतीत मराठी म्हणून साठतच नाही. तेथे एफ, एच, के, ओ, ए, एम, एच या रोमन अक्षरांची रांग असते. वर मराठीचा मुखवटा. तो टंक नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळतो. शोध घेतला तर ‘भिवंडी’ सापडत नाही. कित्येक कार्यालयांतील, मासिकांतील आणि प्रबंधांतील मजकूर आज असा मुका पडून आहे. टाइपरायटरवरचा कागद निदान डोळ्यांनी वाचता येतो.

२३/
पर्याय त्याच काळात तयार होत होता. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही मांडणी प्रमाण ठरवली. पुढे १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. पुण्याच्या सी-डॅकने तिचा प्रसार केला. तिची रचना वर्णमालेला धरून आहे: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त. अक्षराचे रूप कसे दिसावे, ही चिंता यंत्राची. लिहिणाऱ्याने फक्त भाषा लिहायची.

२४/
इन्स्क्रिप्टमध्ये ‘भिवंडी’: भ, ऱ्हस्व वेलांटी, व, अनुस्वार, ड, दीर्घ वेलांटी. सहा ठोके, उच्चाराच्या क्रमाने. ‘कामतघर’: क, काना, म, त, घ, र. जसे बोलावे तसेच. युनिकोडची देवनागरीही याच तर्कावर, भारतीय संकेतप्रणालीच्या आधारे उभी आहे. म्हणून येथे लिहिलेले कुठेही उघडते, शोधता येते, टिकते.

२५/
भिवंडीच्या दृष्टीने तिचा आणखी एक गुण फार मोलाचा आहे. भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्टची मूळ मांडणी समान आहे; ‘क’ची कळ मराठीत जी, तीच तेलुगूत. पद्मनगरच्या बाजूला तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्या घरातील मुलीने एकदा बोटे बसवली की ती शाळेचे मराठी आणि घरचे तेलुगू एकाच सवयीने लिहू शकते. टाइपरायटरच्या काळात यासाठी दोन यंत्रे आणि दोन मांडण्या शिकाव्या लागल्या असत्या.

२६/
येथे एक न्याय्य आक्षेप येतो. लाखो हात रेमिंग्टनवर घडले आहेत. त्यांचा वेग, त्यांची नोकरी, त्यांचे कौशल्य कचऱ्यात टाकायचे का? मुळीच नाही. आज रेमिंग्टनच्या सवयीने लिहिता येईल आणि साठवण युनिकोडमध्ये होईल, अशी सोय उपलब्ध आहे. वेलांटी आधी दाबली तरी संगणक तिला गुपचूप अक्षरामागे नेऊन बसवतो. सरावलेल्या हातांसाठी हा जुन्या मागाला बसवलेला नवा सांधाच आहे आणि तो योग्य आहे.

२७/
पण आज अठरा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा शिकवताना तीच तडजोड का शिकवावी? तिच्या यंत्रात टंचाई नाही. तिला काना जोडून ‘भ’ पूर्ण करायला लावणे म्हणजे विजेच्या मागावर बसलेल्या विणकराला हाताने धोटा फेकण्याचा सराव देणे. केंद्रीय भरतीच्या हिंदी टंकलेखन चाचण्यांत रेमिंग्टनबरोबर इन्स्क्रिप्टचाही पर्याय असतो. शिकवणाऱ्यांनी तो पर्याय प्रवेशाच्या दिवशीच सांगावा. फी भरणाऱ्या घराचा तो हक्क आहे.

२८/
आता लोखंडाकडे वळू. रोमन लिपीचे नवे टाइपरायटर अजून कुठे ना कुठे बनतात. ‘मॉडेल एफ’ पुन्हा घडवणारे आहेत. देवनागरी टाइपबार मात्र कोणी नव्याने ओतताना दिसत नाही. ‘रेट्रो’ कळफलकाच्या गोल कळांवर रोमन अक्षरे असतात आणि आतील यंत्रणेचा टाइपरायटरशी संबंध नसतो. म्हणजे मराठी टाइपरायटरच्या बाबतीत ‘मूळ की प्रतिकृती’ हा पर्यायच अपुरा आहे. रूपाची प्रतिकृती विदेशी यंत्राची आहे; मराठी यंत्राची प्रतिकृती अस्तित्वात नाही.

२९/
यातूनच मूळ यंत्राचे खरे मोल कळते. रोजच्या लेखनासाठी ते गैरसोयीचे आहे, हे मान्य करावे. पण १९६० नंतरच्या चार-पाच दशकांतील मराठी कारभार समजून घेण्यासाठी ते साधन आहे. एखादे जोडाक्षर पायमोडके का, एखादी खूण सगळीकडे सरकलेली का, दोन कागद एकाच यंत्रावर उमटले आहेत का, याची उत्तरे चालू स्थितीतील यंत्रच देते. काचेच्या पेटीत ठेवलेले बंद यंत्र यातले काहीच सांगू शकत नाही.

३०/
म्हणून जुना मराठी टाइपरायटर घेणाऱ्यासाठी चार गोष्टी. एक, प्रत्येक कळ दाबून संपूर्ण वर्णमाला टंकून पाहावी; एक टाइपबार गेला तर बदली मिळणे कठीण. दोन, रोलरवर नख रुतते का पाहावे. दगडासारखा कडक झालेला रोलर अक्षर नीट उमटू देत नाही. तीन, कॅरेज शेवटपर्यंत सरकते का आणि ओळ संपताना बेल वाजते का, हे ऐकावे. चार, दुरुस्ती करणारे हात जवळपास आहेत का, याची चौकशी आधी करावी. हात नसतील तर यंत्र शोभेचे होईल.

३१/
एक गोष्ट कदापि करू नये. जुन्या टाइपरायटरच्या गोल कळा कापून त्यांचे दागिने किंवा नव्या कळफलकाच्या टोप्या करण्याची फॅशन जगभर आहे. इंग्रजी यंत्रे कोट्यवधी बनली, तरीही संग्राहक तेथे हळहळतात. देवनागरी यंत्रे त्या मानाने मोजकी. त्यांतील ‘ळ’ची कळ कर्णफुलात गेली, की त्या यंत्राची मराठी संपली.

३२/
नवा कळफलक घेणाऱ्यासाठी कसोटी यंत्रमागाचीच. उघडता येतो का? एक कळ बिघडली तर तेवढीच बदलता येते का? चेरी कंपनीच्या यांत्रिक स्विचचे पेटंट २०१४ च्या सुमारास संपले आणि तशाच रचनेचे स्विच अनेक कारखाने बनवू लागले. त्यामुळे सुटे भाग आज सहज मिळतात. भारतात गेमिंगची लाट येण्याआधीपासून टंकलेखकांच्या मेजावर टीव्हीएस गोल्डसारखे यांत्रिक कळफलक होतेच. पितळी रंग, गोल कळा आणि दिवे यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. बोटाला मिळणारा स्पष्ट प्रतिसाद आणि दुरुस्तीची सोय यांसाठी जरूर मोजावेत.

३३/
निष्कर्ष असा. लिहिण्यासाठी नवे घ्या: दुरुस्त होणारा यांत्रिक कळफलक आणि त्यावर इन्स्क्रिप्ट. हात आधीच रेमिंग्टनचे असतील तर मांडणी ठेवा, साठवण तेवढी युनिकोडमध्ये करा. मूळ मराठी टाइपरायटर घ्यायचा तर चालता ठेवण्याच्या तयारीने घ्या, अन्यथा तो ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाला मिळू द्या. जुन्याचे फक्त रूप विकणाऱ्या प्रतिकृतीला या हिशेबात जागा नाही.

३४/
आपल्या घरी, शाळेत, सोसायटीच्या कचेरीत मराठी टाइपरायटर धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी दोन कामे करावीत. त्याच्या कळफलकाचे स्पष्ट छायाचित्र काढावे. रिबन ओली असेल तर एका कोऱ्या कागदावर ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी अक्षरे टंकून, यंत्राचे नाव आणि क्रमांक लिहून तो कागद जपून ठेवावा. मराठी कळफलकाचा इतिहास अजून पुरता लिहिला गेलेला नाही. तो लिहिणाऱ्याला हेच कागद लागतील. ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत त्यांनी खाली छायाचित्रे अवश्य जोडावीत.

#टंकलेखन #मराठी_टाइपरायटर #भिवंडी #इतिहास

(धागा समाप्त)